कंबर दुखते म्हणाले होते

मिरज स्टेशनवर गाडी हलली तशी आई खिडकीचे गज धरून चार पावलं चालली. शेवटचं सांगितलं काय, तर, "आतले कपडे टॉवेलखाली वाळत घाल गं. तिकडं सगळी परकी माणसं." मी "हो गं आई" म्हटलं आणि दिल्लीच्या दिशेनं निघाले.

गावाकडच्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या इकडं येऊन पडलेल्यांनो, हे लिहायला मला लाज वाटतेय. पण लाजेपायीच सगळं झालं, म्हणून लिहितेच.

गुरुग्रामला एकविसाव्या मजल्यावर राहते. मिरजेत कॉलेजला सायकलनं जाणं हा नाइलाज होता, इथं सायकल चालवली की लोक "अरे वाह!" म्हणतात. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये बाई मी एकटीच. आधी शंभर किलोमीटर केले, मग दोनशे. आणि साठाव्या किलोमीटरपासून जे दुखायचं ना, बायांनो! सीट पुरुषांच्या मापाची, अरुंद. कातडी सोलवटायची, सगळं बधिर व्हायचं. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी खुर्चीत तिरकी बसायचे.

करोल बागेजवळच्या सायकल मार्केटात गेले. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, दर्द कहाँ होता है?" दुकानात चार पुरुष उभे. त्या जागेला हिंदीत काय म्हणतात ते आपल्याला येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. अहो, मराठीत तरी कुठं येत होतं? आमच्या घरी त्याला नुसतं 'तिथं' म्हणतात. मी म्हटलं, "कमर में." त्या बिचाऱ्यानं कमरेसाठी जाड, मऊ, जेलवाली सीट दिली. मऊ सीटमध्ये बसायची हाडं रुततात आणि सगळा दाब नेमका नाजूक जागी येतो, हे मला फार उशिरा कळलं. दुखणं दुप्पट झालं. तरी गप्प!

मग ग्रुपमध्ये शबनम आली. सोलापूरची, केंद्र सरकारच्या नोकरीतली. तिचं "अगं बाई" ऐकूनच मी हरखले. तिच्या सरकारी क्वार्टरमध्ये भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली की घरी आल्यासारखं वाटायचं. पहिल्या शंभरनंतर तिनं मला बाजूला घेतलं. "वैशू, खरं सांग, तुला तिथं दुखत नाही?"

केवढं धाडस करून विचारलं असेल तिनं! आणि मी, दोनशेवाली, सीनियर. "छे गं. सवय होते," म्हणाले. वर माझ्यासारखीच सीट घ्यायला लावली. का? मिरवायचं होतं मला, दुसरं काय.

जयपूर रोडवरची दोनशेची राइड तिनं पूर्ण केली. तोंडातून ब्र काढला नाही. आठवडाभरात गळू झालं, ताप चढला, ऑपरेशन करावं लागलं. हॉस्पिटलात भेटायला गेले तर म्हणते कशी, "माझ्याच अंगात काहीतरी खोट असेल असं वाटलं गं. तुला तर काहीच होत नव्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच बसून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेले आणि कुठं दुखतं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. दुकानदारानं स्टुलावर एक पुठ्ठा ठेवला, "इस पर बैठिए." त्यावर दोन हाडांचे दोन खळगे उमटले. त्यांच्यातलं अंतर मोजून त्यानं मागं रुंद, मध्ये खाच असलेली, जराशी कडक सीट काढून दिली. दहा मिनिटांचं काम! चार वर्षं काढली मी त्यासाठी, आणि शबनमला टाके घालावे लागले.

तिनं सायकल विकली. मिरजेला गेले की आता मी पाहुणीच असते. घर म्हणावं असं माझं एकच होतं, शबनमचं. दार ती अजूनही उघडते, चहा करते, मुलांच्या शाळेचं बोलते. परवा मात्र कप ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आता नाही ना दुखत?"

"नाही गं," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग "बरं" म्हणाली आणि आत निघून गेली.