नगरच्या पोस्टातून गेलेली तार

भुताखेतांच्या गोष्टी मी हसून सोडून देते. आयुष्यभर नर्सिंग केलं, कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, पण परत आलेलं कुणी पाहिलं नाही. एका तारेचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मी नगरला एका दवाखान्यात होते. इराकमधल्या बसऱ्याच्या निर्वासित छावणीसाठी एक परदेशी संस्था इकडच्या नर्सेस घेत होती. मुंबईला इंटरव्ह्यू झाला आणि माझी निवड झाली! माझी मैत्रीण सुलोचना राखीव यादीत पहिली.

निघण्याआधी आईला भेटायला कोल्हारला गेले... आणि गावात प्लेग आला. घराघरांत उंदीर पडायला लागले, तसं सगळं गाव प्रवरेकाठच्या माळावर झोपड्या बांधून राहिलं. नगरची मोटार बंद. मी रोज लोकांना लस टोचत होते. शनिवारी डॉक्टरांचा प्लेग नसल्याचा दाखला मिळाला की सुटणार होते.

"माज्यापायी थांबू नगं," आई म्हणायची. "मला काय बी हुत न्हाई. तू जा बोटीनं."

गुरुवारी दुपारी तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी जांघेत गाठ! दाखला मिळाला, पण मी हलले नाही. मुंबईला पत्र टाकलं — पुढच्या बोटीने येईन, जागा ठेवा.

उत्तर आलं, 'नकाराची तुमची तार मंगळवारीच मिळाली. जागा भरली आहे.'

मी तर तार केलीच नव्हती! आणि जागा कुणाला? सुलोचनाला. आणखी कुणावर संशय घ्यायचा? तिची बोट सुटली होती. संस्थेच्या पत्त्यावर तिला लिहिलं — 'माझ्या नावाने तार करून माझं आयुष्य घेतलंस.'

आई वाचली. मोटार सुरू होताच मी नगरचं पोस्ट गाठलं. तारमास्तर मुनीरभाईंनी जुने फॉर्म काढले.

"ही बघा. तुम्हीच तर दिलीत, बाई."

"मी? मी कोल्हारला होते!"

"चेष्टा करता का? माझंच पेन घेऊन लिहिलंत की."

अक्षर माझं. सही माझी. मजकूर एवढाच — 'आईला प्लेग. येऊ शकत नाही.' त्यावर ताप भरण्याआधीच्या मंगळवारचा शिक्का. मंगळवारी तर माझी आई नदीवर धुणं धूत होती!

सुलोचनाने अंदाजाने लिहिलं असेल? माझं अक्षर गिरवलं असेल? मुनीरभाईंनाही फितवलं असेल? हे सगळं मनात येऊन गेलं. घरी येताना त्या भल्या माणसाचा निरोपसुद्धा घेतला नाही मी.

चार महिन्यांनी बसऱ्याहून सुलोचनाचं पत्र आलं. 'तार मी केली नाही. पण त्या मंगळवारी मी तुला पोस्टाच्या दारात हाक मारली होती. तू वळून पाहिलंस आणि न बोलता निघून गेलीस. तेव्हापासून मलाच वाटतंय, माझं काय चुकलं?'

ती पुढे देशोदेशी फिरली, मोठ्या हुद्द्यावर गेली. मी शेवगावच्या दवाखान्यातून रिटायर झाले.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ती खोटं बोलत होती असं म्हणावं, तर गुरुवारचा ताप तिला मंगळवारी कसा ठाऊक? आणि खरं बोलत होती असं मानलं, तर तिने हाक मारली ती कुणाला?... मला खरंच सांगता येत नाही.