भोंग्यावरचा एक शब्द

१९८९च्या नोव्हेंबरात, लोकसभेच्या प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात, मुलुंडमध्ये एका प्रचारप्रमुखाने माझ्या हातातला माईक काढून घेतला, खिशातून रुमाल काढला आणि माईकची जाळी पुसली. एकदा पुसून भागलं नाही. रुमालाची दुसरी बाजू घेतली आणि पुन्हा पुसली. मग माईक तोंडापाशी धरून बोलायला सुरुवात केली. रुमाल खिशात परत गेला नाही. तो त्याने रिक्षाबाहेर टाकला.

रिक्षा आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभी होती.

आदल्या दिवसापर्यंत हाच माणूस माझ्या मागोमाग त्याच माईकवर बोलत होता. माझ्या बाटलीतलं पाणी प्याला होता. मधल्या वेळात एकच गोष्ट घडली होती. मी कुठे राहते ते त्याला कळलं होतं.

त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. मीही म्हणायचे. आमच्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला तो परीक्षक म्हणून आला होता. मी दुसऱ्या वर्षाला होते. स्पर्धा संपल्यावर तो आमच्या प्राध्यापिकांना म्हणाला, "उच्चार बघा पोरीचे. घरातलं वळण लपत नाही." माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी '-कर' लागलेलं. त्यावरून काही कळत नाही.

घरातलं वळण असं होतं : आई आणि वडील दोघंही 'ण'चा 'न' करायचे. मीही करायचे. पाचवीत शाळेतल्या बाईंनी मला उभं करून 'पाणी' म्हणायला लावलं. मी 'पानी' म्हटलं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "पुन्हा." तास संपेपर्यंत तेवढाच एक शब्द चालला. त्यानंतर नळाच्या रांगेत उभी असताना मी तोंडातल्या तोंडात पाणी, लोणी, दाणे, वेणी म्हणत राहायचे. 'ण' आला. मग बाकीचं सगळं आलं.

प्रचाराच्या रिक्षासाठी भाऊसाहेबाला बाईमाणसाचा आवाज हवा होता. "तुझा आवाज ऐकला की बायका खिडकीत येतात, बाळ," असं तो म्हणायचा. बदल्यात त्याने शब्द दिला होता. रेडिओवर त्याची ओळख होती. मतदान झालं की तो मला आवाजाच्या चाचणीला नेणार होता. मला रेडिओवर बातम्या वाचायच्या होत्या. दुसरं काही नको होतं. वडील औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. चाचणी व्हायच्या आधीच त्यांनी पाळीवरच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

रिक्षावाला मालवणचा. माझं बोलणं संपलं की मागे वळून म्हणायचा, "आमचो भोंगो झकास." भाऊसाहेब हसायचा.

प्रत्येक भागात सुरुवात वेगळी करायची असे. गुजराती सोसायट्यांत व्यापारी बांधवांनो. चाळींत कोकणच्या सुपुत्रांनो. त्या दुपारी रिक्षा आमच्या रस्त्याला लागली तेव्हा भाऊसाहेबाने सांगितलं, "इथे हरिजन बंधू-भगिनींनो म्हण. सावकाश म्हण, म्हणजे त्यांना कळेल."

मी म्हटलं, "इथे हरिजन म्हणू नका, भाऊसाहेब. आम्ही बौद्ध आहोत."

'इथले लोक बौद्ध आहेत' असं म्हणता आलं असतं. मी 'आम्ही' म्हणाले.

त्याने विचारलं, "आम्ही म्हणजे?"

"मी इथेच राहते. तो निळा पत्रा दिसतो ना, त्याच्या मागे."

यानंतर त्याने माईक घेतला आणि पुसला. ते वर सांगितलं आहे. मग तो स्वतः बोलला. हरिजन बंधू-भगिनींनो. तुमच्या उद्धारासाठी. बोलून झाल्यावर त्याने बटण बंद केलं आणि मला म्हणाला, "मला वाटलं, आमच्यातली आहेस." तो रिक्षावाल्याकडे वळला. "पोपटासारखं पाठ केलंय बघ. कळतं का काही ऐकून?"

रिक्षावाला समोर बघत राहिला.

"ह्या लोकांचं काय रे," भाऊसाहेब त्याला म्हणाला. "बौद्ध म्हण नाहीतर आणखी काही म्हण. आदल्या दिवशी बाटली पोचली की शिक्का बरोबर बसतो."

मग माईक माझ्यापुढे धरला. "घे. आता तूच म्हण. तुमच्या लोकांना तुझ्या तोंडून ऐकू दे. रेडिओवर जायचंय ना?"

बाळ म्हणणं संपलं होतं.

समोर नळावर बायका होत्या. त्यांत आई होती. त्या दिवशी रिक्षा आपल्या रस्त्याला येणार हे तिला माहीत होतं. तिने हंडा बाजूला ठेवला होता आणि ती भोंग्याकडे बघत उभी होती.

मी माईक घेतला. बटण दाबलं. बोलले ते असं :

"नमस्कार. प्रचारप्रमुख भाऊसाहेब आत्ता या रिक्षात जे बोलले ते जसंच्या तसं सांगते. ह्या लोकांचं काय रे. बौद्ध म्हण नाहीतर आणखी काही म्हण. आदल्या दिवशी बाटली पोचली की शिक्का बरोबर बसतो. भाऊसाहेबांचं बोलणं संपलं."

आवाज स्वच्छ गेला. 'आणखी'तला 'ण' जागेवर होता.

भाऊसाहेबाने बॅटरीची वायर उपटली. आता रिक्षावाला मागे वळला. "उतर गो बाय," तो म्हणाला. "माका ह्यात घेव नको." मी उतरायच्या आधीच भाऊसाहेबाने माझं मनगट धरून मला बाहेर ढकललं. मी खडीवर गुडघ्यांवर पडले. नंतर त्याने हात पुसला का, ते मी पाहिलं नाही. रिक्षा निघून गेली.

कोणी रिक्षामागे धावलं नाही. पानाच्या टपरीपाशी दोन-तीन पोरं हसली. आमच्या गल्लीतले अण्णा आले. त्यांच्या घरावर भाऊसाहेबाच्याच पक्षाचा झेंडा होता आणि पाण्याची नवी लाइन मिळवून देण्याचं बोलणं त्यांच्यामार्फत चाललं होतं.

"काय केलंस गं हे?" अण्णा म्हणाले. "लाइन मंजूर होत आली होती. एका शब्दाने काय अंगाला भोकं पडतात?"

"पडतात," मी म्हटलं.

"तुझ्या पडत असतील. कॉलेजात जातेस ना. आमच्या बायका हंडे वाहतात."

नळावरची एक बाई म्हणाली, "आता हिलाच पाठवा रोज पाण्याला." बाकीच्या हसल्या. आई हसली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गुडघे धू." त्या दिवशी ती माझ्याशी एवढंच बोलली.

संध्याकाळी वडील पाळीवरून आले. त्यांना रस्त्यातच सगळं कळलं होतं. त्यांनी विचारलं, "मग रेडिओचं?"

"नाही आता."

"माफी मागून बघ. म्हातारा माणूस आहे, रागात बोलला असेल."

"मी मागणार नाही."

त्यांनी ताट पुढे सारलं. मतदान होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा परत आली. रिक्षा तीच, रिक्षावाला तोच. भाऊसाहेब नव्हता. आत एक तरुण कार्यकर्ता होता आणि कॅसेट लावलेली होती. पुरुषाचा आवाज. हरिजन बंधू-भगिनींनो. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

कार्यकर्त्याने डोकं बाहेर काढलं. "ए, सरक ना."

"तो शब्द काढ. मग जा."

"अगं कॅसेट आहे यार. त्यातला एक शब्द कसा काढू?"

"मग बंद कर."

"वर सांगू काय मी?"

"मी उभी होते म्हणून सांग."

त्याने हॉर्न वाजवायला लावला. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. मी हलले नाही. अण्णा त्यांच्या दारातून बघत होते. ते आले नाहीत. दुसरंही कोणी आलं नाही. माझ्या बाजूला उभं राहायला नाही, मला ओढून न्यायलाही नाही. शेवटी कार्यकर्त्याने बटण दाबलं आणि मी बाजूला झाले. रिक्षा वस्तीतून मुकी गेली. पलीकडच्या सोसायटीपाशी भोंगा पुन्हा सुरू झाला.

प्रचार संपेपर्यंत मी रोज दुपारी तिथे उभी राहिले. रिक्षा रोज मुकी गेली.

त्या वर्षी मतदानाचं वय अठरावर आलं होतं. माझं पहिलंच मत होतं. मी ते भाऊसाहेबाच्या उमेदवाराला दिलं नाही. वस्तीतल्या बऱ्याच जणांनी दिलं. आदल्या दिवशी बाटल्या आल्या होत्या. त्या मी पाहिल्या.

उमेदवार निवडून आला. पाण्याची लाइन आली नाही. रेडिओची चाचणी झाली नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत प्रचाराची पहिली गाडी आमच्या रस्त्याला लागली की मी मधोमध जाऊन उभी राहते. भोंग्यावर काय चाललं आहे ते आधी ऐकते. मग बाजूला होते, किंवा होत नाही.