पाटलाचा दगड

भिवाजीबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. मला लिहिण्याची सवयही नाही. पण त्याला ओळखणारं माझ्याखेरीज आता बहुधा कुणी उरलेलं नाही, म्हणून आठवतं तेवढं लिहून ठेवतो.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ डॉक्टर हरिहर गुप्ते यांचा दवाखाना होता आणि मी त्यांचा कंपाउंडर. मुंबईला चौपाटीजवळ नवं मत्स्यालय झालं, ते पाहून आल्यापासून डॉक्टरांना खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं वेड लागलं. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी जाड काचेची मोठी टाकी बांधून घेतली. ठाण्याच्या खाडीचं पाणी गढूळ, म्हणून पाणी उत्तनच्या समुद्राचं. ते होडीतून घोडबंदरला यायचं आणि तिथून डॉक्टरांच्या जुन्या मोटारीतून, चिनी मातीच्या बरण्यांत. हे सगळं सांभाळायला त्यांनी चेंदणी कोळीवाड्यातला भिवाजी ठेवला. ही त्रेपन्न सालची गोष्ट.

भिवाजी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. चौदा वर्षं मुंबईच्या गोदीत खलाशी होता. तिथं दोरखंडात सापडून डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि बायको आधीच वारलेली. मूलबाळ नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन तो धाकट्या भावाकडे, दामाजीकडे, परत आला. घर वडिलांचं, म्हणजे त्याचंही. पण चौदा वर्षांत ते दामाजीच्या बायकोचं, मनुबाईचं झालं होतं. तिनं त्याला जेवायला कधी कमी घातलं नाही. फक्त पेटी आत घेतली नाही. पेटी पडवीत राहिली आणि भिवाजीही पडवीतच राहिला. अधू हातानं होडीवर जाता येत नव्हतं. टाकीचं काम मिळण्याआधी तो दिवसभर तिथंच बसून असायचा, आणि येता-जाता मनुबाई म्हणायची, "भावजी, पाय घ्या."

"दिवसातून किती येला पाय घेऊ?" तो मला म्हणायचा. "कापून ठेवू काय?"

टाकीत एक मासा होता. तळहाताएवढा, अंगावर काळे उभे पट्टे. डॉक्टरांनी त्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं होतं, ते मी विसरलो. आम्ही त्याला पाटील म्हणायचो. टाकीत डाव्या कोपऱ्यात एक भोकाचा दगड होता, तो पाटलाचा. शेवंडाचं, म्हणजे लांब मिशांच्या मोठ्या कोळंबीसारख्या प्राण्याचं, एक पिल्लू सोबत होतं, त्यानं चुकून मिशी तिकडं वळवली तरी पाटील धावून जायचा. काच पुसताना भिवाजीच्या उरलेल्या बोटांनाही चावायचा.

डॉक्टरांना वाटे, एवढ्या मोठ्या टाकीत आणखी मासे हवेत. भिवाजीनं उत्तनहून दोन पिवळे मासे आणले. सकाळी सोडले, दुपारपर्यंत दोघांच्या शेपट्या फाटल्या होत्या. संध्याकाळी मीच त्यांना चिमट्यानं बाहेर काढलं. महिन्यानं पुन्हा दोन आणले, त्यांच्यापैकी एक तीन दिवस जगला. तो वर पाण्याच्या कडेला, कोपऱ्यात, अंग चोरून उभा असायचा. खाली उतरला की मार. मी पेशंटांच्या पुड्या बांधता बांधता ते बघायचो आणि मला कंटाळा यायचा. कशाचा ते सांगता येत नाही.

तो मासा मेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भिवाजी, आता शेवटचं. या खेपेला जगले नाहीत तर पाटलाला समुद्रात सोड आणि टाकी मोडून टाकू. माझ्याच्यानं हे पाहवत नाही."

"जी," एवढंच भिवाजी म्हणाला. डॉक्टर गेल्यावर बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी चहा दिला तो तसाच निवत ठेवला.

"टाकी मोडली तर मी परत पडवीत," तो म्हणाला. "मंग पाय घ्या, पाय घ्या."

पाटलाला मारून टाकावं, असं मी सुचवलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी बाटल्या धुवायला आत गेलो.

दोन दिवस तो नुसता टाकीसमोर बसून होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कंपाउंडरभाऊ, चूक माझी हाय. मी नव्याला पावना केला. पावना करायचा जुन्याला."

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. खाडीत डोल जाळं लावायला खांब रोवतात आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. त्याच्या आजोबांच्या वेळी वाड्यात एखादं नवं घर सामावून घ्यायचं ठरलं, तर त्याला शेवटची जागा देत नसत. सगळ्यांचे खांब उपटत. चार दिवस खाडी मोकळी ठेवत. मग चिठ्ठ्यांसारख्या शिंपल्या टाकून सगळ्यांनाच नव्यानं जागा. "नायतर मारामारी. जुना खांब जुन्याला माज देते."

त्यानं तसंच केलं. पाटलाला पकडून निराळ्या घंगाळात ठेवलं. टाकीतला प्रत्येक दगड उचलून जागा बदलली, भोकाचा दगड उलटा करून पार उजवीकडे नेला. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, खारटपणा पाहिला. मग उत्तनहून तीन पिवळे मासे आणले. एक आणला तर सगळा मार एकट्यावर येतो, म्हणून तीन. त्यांचं भांडं टाकीत तरंगत ठेवून तासभर टाकीचं पाणी वाटी वाटीनं त्यात घातलं आणि मग त्यांना सोडलं. चार दिवस त्यांनी टाकी फिरून पाहिली, आपापल्या कपारी धरल्या. पाचव्या दिवशी घंगाळातच पाटलाला पोटभर कोळंबी चारली, टाकीवर चादर टाकून अंधार केला आणि मग त्याला आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मी आणि भिवाजी तिघांनी मिळून चादर काढली. पाटील डाव्या कोपऱ्यात गेला. दगड नव्हता. तो परत फिरला. एका पिवळ्यानं त्याला कपारीतून हुसकलं आणि तो मुकाट्यानं बाजूला झाला. पुढं थोडी ढकलाढकली झाली, पण कुणी मेलं नाही.

"शाबास!" डॉक्टर म्हणाले. "टाकी राहील."

इथं भिवाजीनं थांबायला हवं होतं. पण त्याला त्या यशानं जरा चढलं असावं. आठवड्यानं मनुबाई सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली, दामाजी होडीवर, आणि यानं घरातलं सगळं सामान हलवलं. हंडे इकडचे तिकडे, मांडणी दुसऱ्या भिंतीला, जाळी माळ्यावर. चूल तेवढी हलेना म्हणून राहिली. आपली पेटी त्यानं आत, मधल्या खांबाशी ठेवली. हे त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून.

मनुबाई दुपारी आली. दारात उभी राहिली. "आगो बाय! यो घर कोनाचा?"

"तेवढाच मना पाहिजे होता," भिवाजी म्हणाला, "की तिला घर नवा वाटावा. वाटला पन."

"मग?"

"मंग काय? पदर खोचला आन् घटकाभरात सगला परत जागच्या जागी. पेटी पडवीत. आन् वाड्यातल्या बायका जमा. भावजींचा डोका फिरला, म्हनं." मग म्हणाला, "पाटलाला दगड उचलता येत नाय, कंपाउंडरभाऊ. मनूला येते."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्याचं लवकर संपलं. त्या दिवसापासून मनुबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. 'पाय घ्या'सुद्धा नाही. तो पहाटेच टाकीकडे यायला लागला आणि दिवेलागणीनंतर परत जायचा. वाळत चालला होता. मासे बरे होते.

पुढल्या वर्षी नारळी पुनवेच्या आधी घर सारवायचं, भिंतींना चुना द्यायचा म्हणून मनुबाईनं स्वतःच सगळं सामान, पडवीतल्या पेटीसकट, अंगणात काढलं. त्या वर्षी तिला हिवताप येऊन गेला होता. सारवण झालं आणि ती पायरीवर बसली ती उठेना. आभाळ भरून आलेलं. दामाजी नारळ आणायला गेलेला. भिवाजीला त्या दिवशी टाकीकडे निघायला उशीर झाला होता, तो अजून घरीच होता.

"भावजी," ती म्हणाली. वर्षानं बोलली. "माज्यात दम नाय. ठेवा काय कुठं ठेवायचा तो."

भिवाजीनं एकट्यानं, दीड हातानं, सगळं आत नेलं. हंडे, मांडणी, जाळी, देव. आणि प्रत्येक वस्तू जिथं होती तिथंच ठेवली, हंड्यांची उतरंडसुद्धा तिनं लावली होती त्याच क्रमानं. मी विचारलं, इतकं आठवलं कसं? तर म्हणाला, "पाच वरसं पडवीतून दुसरा काय बघत होतो?"

शेवटी अंगणात फक्त पेटी उरली. ती त्यानं उचलली नाही. नेहमीसारखी पडवीत नेऊन ठेवायचं अंगात बळ नव्हतं, असं तो म्हणाला. मनुबाई आत जाऊन घर बघून आली. थेंब पडायला लागले.

"ती काय भिजवायची हाय?" ती म्हणाली, आणि स्वतःच पेटी ओढत आत नेली. खिडकीखाली तिची पाटी असायची. पाटी तिनं पायानं सरकवली आणि तिथं पेटी ठेवली.

हे सांगताना भिवाजी रबरी नळीनं टाकीच्या तळची घाण ओढून काढत होता. मी म्हटलं, म्हणजे जमलं म्हणायचं.

"पाटी काय ती परत तिथंच आनते," तो म्हणाला. "आता पेटीवरच ठेवते. जरा बादली सरकवा इकडं."