दादाची आखूड वाक्यं

रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला तेव्हा मी मये गावातल्या माझ्या घरी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. ‘आते, बाबा गेले…’ एवढंच तो बोलला. दादा पोटभर जेवला, रोजच्यासारखा आडवा झाला आणि उठलाच नाही. पेडण्याला जाताना गाडीत मला रडू येत होतं आणि मधेच हसूही फुटत होतं. ज्या माणसाने जन्मात कुठलीही गोष्ट थोडक्यात आटोपली नाही, तो स्वतः मात्र किती चटकन गेला!

दादा प्राथमिक शाळेचा हेडमास्तर. पेडण्याजवळच्या आमच्या गावात सगळे त्याला मास्तरच म्हणत. वाढदिवस, बारसं, शोकसभा, काहीही असो, ‘दोन शब्द’ बोलायला मास्तर. त्याचे दोन शब्द म्हणजे चहाच्या दोन फेऱ्या. देवळाच्या जत्रेत गावातली मंडळी संगीत नाटक करतात, त्याचं आभारप्रदर्शन वर्षानुवर्षं त्याच्याकडे. एकदा तो मांडव घालणाऱ्याच्या आजोबांपर्यंत पोचला, तेव्हा पेटीवाल्याने शेवटी भैरवीच सुरू केली. लोक उठून चपला शोधू लागले. दादा माइकवरून म्हणाला, ‘वा! पार्श्वसंगीतामुळे आता बोलायला रंग चढेल…’

निवृत्तीनंतर पुण्याच्या पुतणीने त्याच्या फोनवर ते छोट्या पोस्टचं ॲप घालून दिलं. पहिल्याच दिवशी दादाने आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आणि आमचे पणजोबा गावात येऊन पोचायच्या आतच अक्षरं संपली. फोन पुढे घेईना. मी तिथेच सोप्यावर बसले होते. त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी भर सभेत हात धरून खाली बसवलं. ‘आजवर माका कोणी थांबवूक शकलो नाय,’ तो म्हणाला, ‘आणि ह्यो तळहाताएवढो फोन…!’

पण माणूस इरेला पेटला. सकाळी सोप्यावर बसायचा, वाक्य लिहायचा, एकेक शब्द उपटून टाकायचा. वहिनी म्हणायची, ‘तांदूळ निवडतंत तसे बसतंत.’ हळूहळू जे उरायला लागलं ते मजेदार होतं. एकदा त्याने दारावर येणाऱ्या पाववाल्यावर लिहिलं, ‘पोदेर आला. उंडे गरम. शेजाऱ्याशी कालचं भांडण त्यातच बुडवून खाल्लं.’ मग एकदा, ‘बायकोने केस कापले. मला संध्याकाळी कळलं. जेवण उद्या.’ हे वाचायला लंडनपासून लातूरपर्यंतचे लोक येऊ लागले.

मी मराठीची शिक्षिका, जाड कादंबऱ्यांवर पोसलेली. मला हे पोरकट वाटायचं आणि मी ते तोंडावर सांगायचे. ‘दादा, याला लिहिणं म्हणतात होय? भिंतीवर “येथे थुंकू नये” लिहितात, तेवढंच हे.’

तो खदखदून हसला. ‘पण ता सगळे वाचतत गो!’

‘वाचतात आणि थुंकतात.’

‘तुझ्या कादंबऱ्यांवर थुंकूक तरी कोण येता?’

असं आमचं चालायचं. त्यात क्षुल्लक काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. सोलकढीत नारळाचा रस घालावा की नाही, यावरून एका अनोळखी माणसाशी त्याने आठवडाभर वाद घातला. वहिनीने सोलकढी करणंच बंद केलं, तेव्हा कुठे तह झाला.

मग ती जत्रा आली. नाटक संध्याकाळी, आणि सकाळी पेटीवाला तापाने फणफणला. पेटीशिवाय संगीत नाटक कसलं? मंडळींनी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. हंगाम जत्रांचा, ज्याचे त्याचे हात कुठे ना कुठे गुंतलेले. नायिकेचं काम करणारी आमची अंगणवाडीतली शालिनी देवळाच्या पायरीवर बसून रडायला लागली. मी म्हटलं, नाटक रद्द केल्याचं जाहीर करा. दादा खांबाला टेकून फोनवर लिहीत बसला, ‘आज आमचं नाटक. पेटीवाला तापाने आडवा. नायिका शालू नेसून रडतेय. वाजवणारं कोणी? जेवण आणि टाळ्या भरपूर. पेडणे.’

मला राग आला. घर जळतंय आणि हा कोट्या करतोय!

दुपार कलताना फोंड्याहून एक बाई स्कूटरवरून आली. नाव वैदेही, सरकारी कचेरीत नोकरी. लहानपणापासून वडिलांबरोबर देवळात पेटी वाजवायची, लग्नानंतर सुटलेली. कोणी तरी तिला दादाची पोस्ट पुढे पाठवली होती. ‘नायिका शालू नेसून रडतेय म्हटल्यावर घरात बसवेना,’ ती म्हणाली. शालिनीबरोबर दोन-चार पदं बसवली आणि पडदा उघडला. शालिनी अशी काही गायली की मागच्या रांगेतले चणे खाणारेसुद्धा थांबले.

शेवटी आभाराला दादा उभा राहिला. लोकांनी सवयीने मांड्या घातल्या. दादाने वैदेहीला पुढे बोलावलं आणि माइक धरला. ‘फोंड्याहून आली. वाजवलं. नाटक उभं राहिलं. बाय, देव बरें करूं.’ आणि खाली बसला.

लोक पुढचं ऐकायला मांड्या घालूनच बसलेले. मग मागून कोणी तरी काळजीने ओरडलं, ‘मास्तर, बरे आसात ना?’ आणि हशा, टाळ्या… वैदेही पदराने डोळे पुसत हसत होती. मीही. त्या संध्याकाळी मी दादाला म्हटलं, ‘जिंकलास.’ त्याने मान हलवली. ‘जिंकलो नाय गो. आखूड झालो.’

तो गेला त्या रात्री वहिनी माझ्याजवळ त्याचा फोन घेऊन आली. ‘त्यांच्या लोकांक कळवूक होया. तू लिव, तू शिकलेली.’ मी लिहिलं. मावेना. कापलं, तरी मावेना. एवढी भाषा शिकवली, आणि माझ्या भावाचं जाणं मला त्या चौकटीत बसवता येईना… वहिनीने फोन परत घेतला. एका बोटाने, सावकाश लिहिलं, ‘मास्तर गेले. जेवून, हसून गेले. आमटीला नावं ठेवायची मात्र राहिली.’ मग पदर तोंडाला लावून रडली.

आता काही आठवडे उलटले. काल मी मयेच्या तळ्यावर फिरायला गेले होते. पायाने मारायच्या होडीत एक म्हातारं जोडपं बसलेलं, तो पुढे मारतोय, ती मागे, आणि होडी जागच्या जागी गरगरतेय. मला राहवेना. घरी येऊन वहिनीला फोन लावला आणि मनात जुळवलेलं वाक्य म्हणून दाखवलं, ‘तळ्याच्या मध्यभागी नवरा-बायको. दोघंही आपापल्या दिशेने. होडी सुखात.’

पलीकडून ते वाक्य पुटपुटल्याचं ऐकू आलं. मग वहिनी म्हणाली, ‘“मध्यभागी” कित्याक? “मधी” पुरे.’