सागाच्या फळीवरचं सारवण

भूत-बित म्हटलं की माझं डोकं फिरतं. या सदरातले अनुभव वाचून मी हसायचो, आजही अर्ध्यांवर हसतो. पण हे माझ्या घरात, चार माणसांसमक्ष घडलंय... त्याचं काय करू?

आम्ही दारव्ह्याला राहतो, कापडाच्या दुकानावरच्या माडीत. जुनी इमारत, मातीची जमीन, दर शुक्रवारी शेणाचं सारवण. खिडकीजवळचा कोपरा आमच्या सुमीचा. चार वर्षांची पोर, आईबरोबर बसून सारवायची. शेणाची घाण वाटायची म्हणून करंगळी वर धरायची, त्यामुळे तिच्या सारवणात तीनच बोटं उमटायची. एकसष्टच्या पावसाळ्यात गोवरानं ती गेली. वत्सलानं, माझ्या बायकोनं, बोलणं-जेवणं टाकलं.

त्यातच घरमालकानं जमीन उकरायला काढली. माती खाली कापडाच्या ठाणांवर गळायची, म्हणून सागाच्या फळ्या ठोकायच्या आणि सोबत विजेची वायरिंगही करायची. मला बरंच वाटलं — घर बदललं की बाईचं मन बदलेल.

"माती नोका फेकू," वत्सला म्हणाली. कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं ते यासाठी! "माह्या सुमीचा हात हाय तिच्यात."

गाडीवाला ती माती गावाबाहेर टाकायला निघाला, तशी ही चौकापर्यंत मागे गेली. मी हाताला धरून आणली.

काम चालू होतं तोवर आम्ही शेजारी राहत होतो. फळ्या बसल्या, कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात. शुक्रवारी सकाळी सुतारमिस्त्री आणि वायरमनसोबत मी आणि वत्सला दोघंही आत गेलो. वायरमननं बटण दाबलं, पहिल्यांदा बल्ब लागला, आणि मिस्त्री माझ्यावरच भडकला.

"बाबूजी, नव्या सागावर शेन कायले सारवलं? फळी फुगून जाईन ना!"

खिडकीजवळ, ताटाएवढ्या जागेत, ताजं सारवण. वास येत होता.

वत्सला खाली बसली. हात लावला.

"अवो, वलं हाय! पाहा ना... करंगळी नाही उमटली!"

आणि हसली हो! त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या तिनं. मला वाटलं, सुटलो देवा.

संध्याकाळपर्यंत ते वाळून पोपडे निघाले. पुन्हा कधी उमटलं नाही.

कुलूप शाबूत होतं, खिडकीला गज. कुणी मुद्दाम केलं म्हणावं, तर करंगळीचं आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी खूप डोकं खाजवलं.

सात-आठ वर्षं झाली. वत्सला अजून दर शुक्रवारी फळ्यांवर शेण सारवते. लाकूड फुगलंय, मालक बोंबलतो. खिडकीजवळचा कोपरा तेवढा ती कोरा सोडते. मग दिवा लावून बघत बसते. जेवण पुन्हा सुटलंय. माझ्याशीही कामापुरतंच बोलते.

गेल्या शुक्रवारी म्हणाली, "तुमी माती राहू द्याले पाह्यजे होती. लाकडात तिले घर सापडत नसन."

तिनं दिवा मालवला. कोपरा कोराच होता.