इथला मारुती कुठं हाय?

सेलूपासून राणीसावरगावापर्यंत कुठल्याही गावाला व्हॉलीबॉलची स्पर्धा जिंकायची असली की त्या एका खेळाडूला बोलावणं जाई. नामांतराच्या बंदात एसटी नसली तर सायकलनं येई. आल्या आल्या विचारी, "इथला मारुती कुठं हाय?" पाया पडला की तो त्या गावचा. बक्षीस देताना प्रत्येक सरपंच त्याला 'आपल्या मातीचा हिरा' म्हणे. स्वतःच्या गावानं मात्र त्याला कधी खेळवलं नव्हतं, आणि ते त्याला लागायचं.

एका वर्षी त्याच्याच गावानं बोलावलं. मी पंच होतो. मैदानात येताच त्यानं सवयीनं विचारलं, "इथला मारुती कुठं हाय?"

"तुझ्या घरामागं, गड्या!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. मग पाया पडायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही. मी शिट्टी खिशात ठेवली.