चुकीच्या रकान्यातली आई

एक्स्चेंजबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. याला त्याच्याशी जोड, त्याला हिच्याशी जोड. त्यांचा आवाज असा खणखणीत, की लाइन कितीही खराब असली तरी पलीकडच्याला शब्द न् शब्द कळायचा. लोक नुसती वेळ विचारायलासुद्धा फोन करायचे, आणि बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सेकंदासकट वेळ सांगायच्या. नाव गेलं बाजूला, सगळ्या वस्तीत त्या एक्स्चेंजबाई म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या.

सत्तरीनंतर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे खाल्ले. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. उजेड आणि सावली एवढंच काय ते उरलं. पण बाईंचं फार अडलं नाही, कारण घर पाठ होतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं, डाव्या हाताला कपाट, मग पडदा, मग चिरंजीवांची खुर्ची, ती चुकवून पुढे. ओट्यावर उजवीकडे पाणी, डावीकडे गोळ्यांचा डबा. या घरात त्या आंधळ्या नव्हत्याच म्हणा ना. अडायचं ते एकाच गोष्टीपाशी. घड्याळ दिसत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना वेळ सांगणारी बाई आता दिवसातून दहा वेळा विचारायची, "किती वाजले रे?"

आता चिरंजीवांकडे वळू. हे एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. हात सोन्याचा, रेघ मारली तर केसभर इकडची तिकडे नाही. पुढे नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले, साहेबांनी शिकायला सांगितलं आणि यांना त्यात कमीपणा वाटला. नोकरी सोडली. सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची, तिच्या पगारावर घर चालायला लागलं आणि चिरंजीव चलनबाजारात उतरले. डॉलर, येन, युरो. भांडवल कुणाचं? आईच्या फंडाचं. मोबाइलवर एक मास्तर भेटला होता. तो म्हणायचा, भावाचा आलेख बघा, त्यात आकृत्या तयार होतात, आकृती ओळखली की पुढचा भाव कळला. दोन सारखी शिखरं दिसली की भाव पडणार. मधलं उंच आणि बाजूची दोन ठेंगणी दिसली, म्हणजे डोकं आणि खांदे, तर हमखास पडणार. आणि प्रत्येक सौदा वहीत लिहा, असं मास्तर बजावून सांगायचा. आकृती, कारण, निकाल आणि चूक, असे चार रकाने.

वही मात्र काय देखणी ठेवली होती! जाड पुठ्ठा, आत आलेखाचा कागद, लाल-हिरव्या टोकदार पेन्सिली. प्रत्येक शिखर पट्टीनं मोजून. पण गंमत अशी, की चिरंजीव चित्र काढायचे बाजार बंद झाल्यावर. सगळं होऊन गेल्यावर काढलेल्या चित्रात आकृती स्वच्छच दिसणार की हो! मग प्रश्न उरायचा, एवढी सरळ आकृती असताना तोटा झालाच कसा? आकृती बरोबर, हात सोन्याचा, मग चूक कुणाची?

ती चौथ्या रकान्यात लिहिली जायची.

पहिला बळी घड्याळाचा गेला. सूनबाईनं सासूसाठी बोलणारं घड्याळ आणलं होतं, बटण दाबलं की वेळ सांगायचं आणि दर तासाला आपणहून बोलायचं. दुपारी दोन ते पाच चिरंजीवांच्या सौद्यांची वेळ. तीन वाजता घड्याळ बोललं, इकडे यांचा हात चुकला. वहीत लिहिलं, 'चूक : घड्याळ'. असं सहा वेळा झाल्यावर त्यांनी त्यातले सेल काढून ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवरला कुलूप घातलं. बाई पुन्हा हाका मारायला लागल्या. मग वहीत 'चूक : आई' यायला लागलं.

वर्ष सरलं. मास्तरनं सांगितलं होतं, वर्षाचा आढावा घ्या, तोट्याचं सर्वांत मोठं कारण शोधा आणि ते मुळापासून उपटा. एका रविवारी जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी वही टेबलावर उघडली आणि दोघींना वाचून दाखवली.

"एकशे अठरा तोटे. त्यात दारावरची बेल नऊ, घड्याळ सहा, बायको चौदा, बाजाराचा लहरीपणा वीस. आणि आई एकोणसत्तर." पेन्सिलीनं आकड्याखाली दोनदा रेघ मारली. "मी काही मनाचं बोलत नाही. वही बोलते आहे."

"आणि तुम्ही स्वतः किती?" सूनबाईनं विचारलं.

"तेच सांगतोय ना, माझी शिस्त उत्तम आहे."

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमाचा अर्ज होता, आईचं नाव, वय, आजार सगळं भरून तयार. त्यांच्या त्या सुंदर अक्षरात. बाईंना कागद दिसला नाही, पण त्याची घडी उलगडल्याचा आवाज आला, आणि मग चिरंजीवांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

सूनबाईचा संताप झाला. पण लॅबच्या काउंटरवर दिवसभर नाव आणि तारीख ताडून बघणारी बाई ती. तिनं वही ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली.

"अहो, हे बघा. आई डोळ्यांच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. त्या अकरा दिवसांत तुम्ही सात वेळा लिहिलंय, चूक आई. त्या घरात नव्हत्या! हाक मारली कुणी, भुतानं?"

कुणीही खजील झाला असता. चिरंजीव मान हलवून म्हणाले, "म्हणजे तर आणखीच वाईट. ती घरात नसतानाही मला तिची हाक ऐकू येते. इतकी भिनली आहे."

असल्या माणसापुढे काय बोलणार? डोकं आपटलं तर भिंतीलाच वाईट वाटेल.

बाईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पण तिकडे गेलं की नव्या खोलीत भिंत कुठे, दार कुठे, सगळं पुन्हा हातानं चाचपडायचं. तिकडे त्या खरोखरीच आंधळ्या होणार होत्या. याची भीती त्यांना मरणाहून जास्त होती, आणि त्या सरळ म्हणाल्या, "मला इथून हलवू नकोस रे. एक महिना दे. तीस दिवस. तुझ्या बाजाराच्या वेळेत मी तोंड उघडणार नाही. एकदा जरी माझं नाव त्या वहीत आलं, तर मीच बॅग भरते."

"आई, तुम्ही काय परीक्षेला बसलाय का?" सूनबाई ओरडली.

"राहू दे गं. मला जमेल."

चिरंजीवांनी विचार केला. "ठीक आहे. महिनाभर चाचणी घेऊ," म्हणाले, आणि वहीत तारीख टाकली.

तो महिना बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. वेळ विचारायची नाही म्हटल्यावर त्या कानांवर विसंबायला लागल्या. शाळेची बस वळली की साडेबारा, शेजारणीनं गॅलरीत कपडे झटकले की एक, खालच्या सुताराची करवत पुन्हा सुरू झाली की दोन. दोननंतर ओठ घट्ट. एकदा सुतार आलाच नाही, तर बाईंनी गोळी दोनदा घेतली आणि दिवसभर गरगरत पडून राहिल्या. एकोणिसाव्या दिवशी खोकल्याची उबळ आली. त्यांनी उशीचा कोपरा तोंडात कोंबला, तरी थोडा आवाज गेलाच. चिरंजीवांनी त्या दिवशी मास्तरला मेसेज करून विचारलं, खोकला म्हणजे हाक धरायची का? मास्तरनं नुसता अंगठा पाठवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते यांना ठरवता येईना, म्हणून रकाना कोरा सोडला. केवढं हे औदार्य!

तोटे काही थांबले नव्हते, बरं का. आता 'चूक : बायको' भराभर वाढत होतं. पण आईचं नाव नव्हतं. सूनबाई संध्याकाळी घरी आली, की चप्पल काढायच्या आत पलंगावरून प्रश्न यायचा, "आज आहे का गं माझं नाव?"

"नाही, आई."

"बघ, जमतंय मला." आणि म्हातारी शाळकरी पोरीसारखी हसायची. सूनबाईला ते हसणं बघवत नसे.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी बाई बाथरूमला गेल्या. अकरा पावलं मोजून, खुर्ची चुकवून, अगदी बिनआवाज. कुणीतरी फरशीवर साबणाचं पाणी सांडून ठेवलं होतं. पाय सटकला आणि बाई कंबरेवर आपटल्या. बादली कलंडली, मग धाडकन दार लागलं. कंबरेखाली अशी कळ गेली, की किंकाळी गळ्यापर्यंत आली. बाईंनी खुंटीवरून खाली आलेला टॉवेल चाचपडून दातांखाली धरला.

बाहेर खुर्ची करकरली. त्यांना वाटलं, आला. तो आपणहून आला तर ती हाक होत नाही, नियम मोडत नाही. त्या वाट बघत राहिल्या. खुर्ची पुन्हा करकरली आणि माउसचे टकटक आवाज सुरू झाले. सुताराची करवत थांबली, परत सुरू झाली. फरशीचा गारठा पाठीतून वर चढला. उजवा पाय आपला नव्हेच असा पडला होता. बाईंनी टॉवेल सोडला नाही.

पाच वाजता बाजार संपवून चिरंजीव उठले आणि त्यांनी बाथरूमचं दार ढकललं. दार अर्धंच उघडलं, कारण मागे पाय होते.

"आई, किती वेळ लावतेस!"

आतून आवाज आला, "झालं का तुझं?"

सूनबाई लॅबमधून थेट हॉस्पिटलात पोहोचली तेव्हा आई स्ट्रेचरवर होत्या, तोंड पांढरंफटक. चिरंजीव बाकावर बसले होते आणि वही त्यांच्या मांडीवर होती. अॅम्ब्युलन्सची वाट बघताना त्यांनी आजचा सौदा लिहून टाकला होता. तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "किती वेळ पडून होत्या त्या? मला नक्की सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे."

"असेल अर्धा तास," चिरंजीव म्हणाले.

सूनबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग वहीकडे, आणि हात पुढे करून ती उचलली. आजचं पान उघडलं. दोन शिखरं पट्टीनं काढलेली, लाल-हिरवी, सुबक. खाली सुंदर अक्षर. काउंटरवर पेशंटचा रिपोर्ट वाचावा तशा सपाट आवाजात तिनं वाचलं, "दोन चाळीस. बाथरूममध्ये काहीतरी पडलं. उठलो नाही, सौदा धरून ठेवला. पाच वाजता बंद केला. नफा. चूक : नाही."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. तिनं चिरंजीवांकडे एकदा बघितलं आणि कागदावर लिहिलं, दोन तास वीस मिनिटं.

"मला वाटलं बादली असेल," चिरंजीव म्हणाले. "बादली पडते कधीकधी."

 डॉक्टरीण सूनबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "खुबा मोडलाय. वयही आहे, आणि एवढा वेळ गार फरशीवर गेलाय. किडन्या साथ देत नाहीत. जवळच्या कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा."

सूनबाई आत गेली. बाईंनी तिच्या पावलांवरूनच तिला ओळखलं आणि हात हवेत चाचपडत पुढे केला. सूनबाईनं तो दोन्ही हातांत धरला. हात बर्फासारखा गार होता.

"आहे का गं आज माझं नाव?"

"नाही, आई." तिनं तो हात गालाला लावला. "नाही."

"मी हाक नाही मारली," बाई म्हणाल्या. बोलताना श्वास पुरत नव्हता, पण सुटका झाल्यासारखा चेहरा उजळला होता. "सत्तावीस झाले. आता तीनच दिवस. तेवढे काढीन मी."